खोल समुद्रात खरंच शांत असतं का?

करंजवाट | रविवार, रात्री १०:२०

मंडळी, गेल्या आठवड्यात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पाण्याखाली उतरलो. ही तिसरी वेळ. पहिल्या दोन वेळा मास्क, श्वास आणि कानातले दडे यांतच जीव अडकला होता, आवाजाकडे लक्षच गेलं नाही. या वेळी सात-आठ मीटरवर एका खडपाजवळ दोन मिनिटं स्थिर थांबलो. श्वास सोडला की बुडबुड्यांचा गदारोळ होतो, पण दोन श्वासांच्या मधल्या तीन-चार सेकंदांत एकच आवाज येत होता, तडतड. गरम तेलात मोहरी टाकल्यावर होते तशी, फक्त न संपणारी. आणि ती कुठून येतेय ते कळेना. डावीकडे मान वळवली तरी तीच, उजवीकडे तरी तीच.

वर आल्यावर बरोबरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "दगडांतला आवाज तो. खोल गेलात की बंद. खाली एकदम शांत असतं."

घरी येऊन वाचायला बसलो आणि गोंधळ वाढला. एकीकडे वाचलं की खोलीबरोबर आवाज कमी होतो. दुसरीकडे लिहिलंय की किलोमीटरभर खोलीवर हजारो किलोमीटरवरचे आवाज ऐकू येतात. आणि तिसरीकडे, पॅसिफिकमधल्या मारियाना गर्तेच्या, म्हणजे जगातल्या सर्वांत खोल जागेच्या तळाला माइक सोडला तर तिथेही जहाजं ऐकू आली म्हणे. तिन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? कुणी या विषयातलं असेल तर सांगा, प्लीज.

तांडेलाचा_नातू | रविवार, रात्री ११:०५

विषयातला नाही, पण दर्यातला आहे. आमचं घर सातपाटीचं. आजा घोळ मारायला जायचा तेव्हा मशीन बंद करायचा, वल्हं पाण्यात उभं धरायचा आणि वरच्या दांड्याला कान लावायचा. मी सात-आठ वर्षांचा असेन. मलाही एकदा लावायला दिला होता. लाकूड गालाला गार लागत होतं आणि आतून कुणीतरी दूर ढोलावर बोटं आपटावीत तसं 'डुब डुब डुब' येत होतं. घोळ, ढोमा ही मासळी पोटातल्या फुग्याने आवाज काढते. आजा म्हणायचा, भांगाला (अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीला) ऐकू येतं तेवढं उधाणाला येत नाही, पाणी ओढतं तेव्हा पाणीच बोलतं.

खोल समुद्राचं मला माहीत नाही. पण उथळ पाण्यात शांतता मी कधी ऐकली नाही.

नीलांबरी | सोमवार, सकाळी ७:४०

करंजवाट, तिन्ही वाक्यं खरी आहेत, कारण ती तीन वेगळ्या आवाजांबद्दल आहेत. वीस-बावीस वर्षं मी पाण्याखालच्या ध्वनीचंच काम केलं, आणि हा प्रश्न मराठीत कुणी विचारलेला आज पहिल्यांदा वाचतेय. त्यामुळे हात आखडता घेणार नाही.

आधी तुमची मोहरी. ती स्नॅपिंग श्रिंप नावाच्या कोळंबीची. बोटापेक्षा लहान जीव, पण एक नांगी अंगाच्या मानाने अवाढव्य. ती नांगी मिटते तेव्हा पाण्याची चिळकांडी इतक्या वेगाने सुटते की पाण्यातच क्षणभर पोकळी तयार होते, आणि ती पोकळी कोसळते तेव्हा टिचकी वाजते. नांगीवर नांगी आपटल्याचा आवाज नाही तो, हे २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने दिसलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या ऐकायला बसलेल्या अमेरिकी लोकांना या कोळंबीने हैराण केलं होतं, तेव्हापासून तिचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. तिला उबदार, उथळ पाणी लागतं आणि लपायला खडक, प्रवाळ, धक्क्याचे खांब लागतात. ५०-६० मीटरच्या खाली ती विरळ होत जाते. म्हणजे त्या मुलाचं म्हणणं त्या एका आवाजापुरतं बरोबर आहे.

दिशा कळली नाही, कारण पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त. दोन कानांना आवाज पोचण्यातला जो बारीकसा वेळेचा फरक मेंदू वापरतो, तो पाण्यात फारच कमी उरतो.

आता मूळ प्रश्न. गॉर्डन वेन्झ यांनी १९६२ साली समुद्रातल्या पार्श्वभूमीच्या आवाजाचा एक आलेख छापला. आजही आमच्याकडे कुणी नवीन आलं की पहिल्यांदा तोच पुढे ठेवतात. त्यात दिसतं ते असं: साधारण १० हर्ट्झपासून (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) दोन-तीनशे हर्ट्झपर्यंत दूरवरच्या जहाजांचं राज्य. ५०० हर्ट्झच्या आसपासून वीस-तीस हजारांपर्यंत वाऱ्याचं, म्हणजे खरं तर वाऱ्याने लाटा फुटून पाण्यात जे बुडबुडे दबतात त्यांचं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पृष्ठभागाजवळ साधारण ३,३०० हर्ट्झला वाजतो. असे कोट्यवधी. आणि लाख हर्ट्झच्या पुढे गेलं की खुद्द पाण्याच्या रेणूंची थरथर ऐकू येते, तिला काही करता येत नाही.

"खोल गेल्यावर काय होतं?" हे या प्रत्येकाला वेगवेगळं विचारावं लागतं. वाऱ्याच्या आवाजाचं उत्तर ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: जवळजवळ काहीच होत नाही.

गणिती | सोमवार, सकाळी ९:१५

ताई, माफ करा, पण हे पटत नाही. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते, आठवीच्या मुलालाही शिकवतो आम्ही. लाट वर फुटतेय आणि मी ५ किमी खाली आहे. ५० मीटरवर होतो त्याच्या शंभरपट लांब. तीव्रता दहा हजार पटीने कमी व्हायला हवी. "काहीच होत नाही" कसं?

नीलांबरी | सोमवार, दुपारी १:३०

सर, एका लाटेचा हिशेब तुम्ही अगदी बरोबर केलात. पण लाट एक नाही ना.

बाजार समितीची मोठी पत्र्याची शेड डोळ्यासमोर आणा. वर मुसळधार पाऊस. शिडीवर चढून पत्र्याखाली हातभर अंतरावर कान नेला तर डोक्यावरचे मोजके थेंब जोरात ऐकू येतात, बाकीचे तिरके आणि लांबचे. खाली उतरून जमिनीवर उभे राहा. प्रत्येक थेंब आता लांब गेला, पण तुमच्या वाट्याला येणारा पत्रा वाढला. अंतर दुप्पट झालं तर थेंबागणिक तीव्रता चौथाई होते, आणि त्याच कोनात मावणारं पत्र्याचं क्षेत्रफळ चौपट होतं. चौथाई गुणिले चौपट. म्हणून शेडमध्ये खाली बसा की उभे राहा, पाऊस तेवढाच वाजतो. शेड पुरेशी मोठी हवी, एवढीच अट.

समुद्राएवढी मोठी शेड दुसरी नाही. वारा शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात सारखा वाहत असेल तर ५० मीटरवर आणि ५ किलोमीटरवर वाऱ्याचा आवाज जवळपास सारखा. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेच्या डेव्हिड बार्कली आणि मायकल बकिंगहॅम यांनी हे थेट मोजलं. 'डीप साउंड' नावाचं त्यांचं यंत्र कुठल्याही दोरीशिवाय समुद्रात सोडून देतात, ते आवाज नोंदत आपोआप खाली जातं, ठरलेल्या खोलीवर वजन टाकतं आणि तरंगत वर येतं. २००९ मध्ये फिलिपीन समुद्रात ते असं ५-६ किमी खोल गेलं होतं.

तुमच्या शंकेत तथ्य आहे ते वरच्या पट्टीत. पाणी उंच आवाज शोषतं, मुख्यतः त्यात विरघळलेल्या मॅग्नेशियम सल्फेटमुळे. १,००० हर्ट्झला हे शोषण किलोमीटरमागे नगण्य, १०,००० हर्ट्झला साधारण १ डेसिबल, लाखाला तीस-चाळीस. म्हणजे ५ किमी खाली गेलात तर वाऱ्याच्या आवाजाचा घुमारा तसाच राहतो, त्यातली 'स्स्स' तेवढी जाते. भिंतीपलीकडचा पाऊस ऐकावा तसं.

गणिती | सोमवार, दुपारी २:०५

शेडचं उदाहरण पटलं. विद्युतभारित अनंत पत्र्याचं क्षेत्र अंतरावर अवलंबून नसतं, हे दरवर्षी बारावीला शिकवतो आणि इथे तेच आहे हे लक्षात आलं नाही. धन्यवाद. उद्या वर्गात हे सांगणार.

सुलभा_जोशी_नागपूर | सोमवार, दुपारी ४:५०

समुद्रापासून सर्वांत लांब राहणारी वाचक मीच असेन इथे, पण धागा सोडवत नाही. मग खऱ्या पावसाचं काय? तोही खाली पोचतो?

नीलांबरी | सोमवार, संध्याकाळी ६:२०

पोचतो! २००४ मध्ये ग्रीसच्या नैर्ऋत्येला आयोनियन समुद्रात एकाच दोरावर ६०, २००, १,००० आणि २,००० मीटरवर चार ऐकणारी यंत्रं लावली होती. वर पाऊस पडला तो चौघांनी ऐकला. दोन किलोमीटर पाण्याखालून पाऊस मोजता येतो, ही गोष्ट मला इतक्या वर्षांनंतरही हरखून टाकते.

त्यातली गंमत अशी, की ६० मीटरवरच्या यंत्राला डोक्यावरच्या छोट्याशा तुकड्याचा पाऊस ऐकू येतो. सर आली, गेली, सगळं स्पष्ट. २,००० मीटरवरचं यंत्र कित्येक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळाचा पाऊस एकत्र ऐकतं, म्हणून त्याच्या नोंदीत सर हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. पातळी तीच, बारकावा पुसट. हीच ती शेड. आणि रिमझिम पावसाला स्वतःची ओळख आहे, बारीक थेंब पाण्यात शिरताना एक बुडबुडा अडकवतात आणि तो १५,००० हर्ट्झच्या आसपास वाजतो. मुसळधार पावसाचा आवाज त्यापेक्षा खालच्या पट्टीतही पसरतो.

टँकरवाला | सोमवार, रात्री ९:३०

मर्चंट नेव्हीत आहे, इंजिन साइड. सध्या घरी, चिपळूणला. जहाजांच्या आवाजाबद्दल थोडं लिहू का?

बाहेरच्यांना वाटतं इंजिनाचा आवाज पाण्यात जातो. जातो, पण मोठा वाटा प्रोपेलरचा. आमचं मेन इंजिन मिनिटाला ८०-९० फेरे फिरतं, प्रोपेलर थेट त्यालाच जोडलेला. पात्यांच्या टोकाशी दाब इतका घटतो की पाणी तिथेच वाफ होऊन फुगे धरतं आणि ते फुगे लगेच फुटतात. कॅव्हिटेशन म्हणतात. ड्राय डॉकमध्ये जहाज उभं असताना पात्यावर हात फिरवून बघितलाय मी. चांगल्या ब्राँझला उंदराने कुरतडल्यासारखे खड्डे पडतात. जे फुगे धातू खातात ते आवाज किती करत असतील याचा विचार तोवर कधी केला नव्हता. ट्रॉलरवाले प्रोपेलरला नुसता 'पंखा' म्हणतात, तिथेही तोच प्रकार, छोट्या मापात.

माल उतरवून जहाज हलकं झालं की प्रोपेलर पृष्ठभागाजवळ येतो, वरचा दाब कमी, कॅव्हिटेशन जास्त. म्हणजे रिकामं जहाज जास्त ओरडतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने पाण्याखालचा आवाज कमी करण्याबद्दल २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२३ मध्ये सुधारल्या. पण त्या ऐच्छिक आहेत. माझ्या अनुभवात जहाजावर या गोष्टीची चर्चा होत नाही आणि ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ताईंना प्रश्न: आमचा हा आवाज खाली किती जातो?

नीलांबरी | मंगळवार, सकाळी ८:१०

टँकरवाला, खड्ड्यांचं वर्णन वाचून बरं वाटलं. आम्ही तो आवाज आलेखावर बघतो, तुम्ही बोटांनी बघितलात.

आता खरा रंगतदार भाग. जहाजाचा आवाज खालच्या पट्टीतला, पाणी तो शोषतच नाही म्हटलं तरी चालेल, म्हणून तो हजारो किलोमीटर जातो. पण सरळ जात नाही. पाण्यात ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो आणि दाबाबरोबरही वाढतो. वर पाणी गरम म्हणून वेग जास्त. खाली उतरताना पाणी गार होत जातं, वेग घटतो. एका खोलीनंतर तापमान जवळपास स्थिरावतं, पण दाब वाढतच राहतो, दर १०० मीटरला साधारण १.७ मीटर प्रतिसेकंद या हिशेबाने वेग पुन्हा चढायला लागतो. मध्ये कुठेतरी वेगाचा तळ येतो. ध्वनीचा स्वभाव असा की तो नेहमी कमी वेगाच्या बाजूला वळतो. त्यामुळे या तळाच्या वर गेलेला किरण खाली वळतो, खाली गेलेला वर. सापडला तो सापडला. नालीत पाणी वाहावं तसा आवाज त्या थरातून वाहत राहतो, पृष्ठभागाला आणि समुद्रतळाला न शिवता.

मॉरिस युइंग आणि लॅमर वॉर्झेल यांनी १९४४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं, सोव्हिएत संघात लिओनिद ब्रेखोव्स्कीख यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे शोधलं. सोफार वाहिनी हे तिचं नाव. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ पाण्यात केलेले स्फोट बर्म्युडाला ऐकू आले, जवळपास २०,००० किमी, पावणेचार तासांच्या आसपास. करंजवाट, तुमचं दुसरं वाक्य हे.

मध्यम अक्षांशांवर ही वाहिनी साधारण १ किमी खोल असते. ध्रुवांकडे ती वर वर येत पृष्ठभागाला भिडते. आपल्या अरबी समुद्रात वरचं पाणी फार तापतं, आणि तांबड्या समुद्राचं व इराणच्या आखाताचं उबदार, खारट पाणी मधल्या थरांत पसरतं, त्यामुळे इथे ती खाली ढकलली जाते. दीड ते पावणेदोन किमी. म्हणजे पृष्ठभागापासून सरळ खाली माइक सोडत गेलात, तर दूरच्या जहाजांचा गुंजारव कमी होत न जाता त्या थरात उलट भरून येऊ शकतो.

तांडेलाचा_नातू | मंगळवार, सकाळी ८:५५

पण ताई, जहाज तर वर चालतं. वरचा आवाज मधल्या नालीत शिरतो कसा? तुम्हीच म्हणालात, नालीत असलेला बाहेर जात नाही. मग बाहेरचा आत कसा जाईल?

नीलांबरी | मंगळवार, दुपारी १२:४०

हा प्रश्न मला विद्यार्थ्यांनी दोन-दोन वर्षांनंतर विचारलाय. दादा, तुम्ही एका सकाळीत विचारलात.

दोन दारं आहेत. एक, थंड प्रदेश. तिथे वाहिनी पृष्ठभागाजवळ असते, तिथल्या जहाजांचा आणि वादळांचा आवाज थेट आत शिरतो आणि मग खाली खाली सरकत उष्ण प्रदेशात येतो. दुसरं, खंडाची उतरण. किनाऱ्याचा उथळ कट्टा जिथे संपतो तिथे तळ एकदम खाली जातो. मुंबईसमोर हा कट्टा सुमारे ३०० किमी रुंद आहे. जहाजाचा तिरका आवाज त्या उतारावर आदळतो, आणि उतारावर आपटल्यावर तो प्रत्येक वेळी थोडा आडवा होतो. कॅरमची सोंगटी तिरक्या लाकडावर आपटली तर तिची दिशा बदलते तसं. दोन-तीन आपटण्यांत तो इतका आडवा होतो की सरळ वाहिनीत शिरतो. उतारावरून जाणारं एक जहाज म्हणूनच भर समुद्रातल्या जहाजापेक्षा लांबवर ऐकू येऊ शकतं.

आता करंजवाट यांच्या मुळातल्या प्रश्नाकडे, शांत जागा कुठे? वाहिनीच्या खाली उतरत जा. वेग वाढत वाढत एका खोलीवर पृष्ठभागाजवळच्या वेगाइतका होतो. त्या पातळीला क्रांतिक खोली म्हणतात. दूरच्या जहाजाचे जे किरण तळाला न आपटता येतात ते सगळे या पातळीच्या वरच्या वर वळतात. ती ओलांडून खाली गेलात की दूरच्या जहाजांचा आवाज झपाट्याने पडतो. ईशान्य पॅसिफिकमध्ये १९७० च्या दशकात हे मोजलं गेलं. खालच्या थरात जहाजांचा पडदा बाजूला झाला आणि वाऱ्याचा आवाज वर आला. तो तर सगळीकडे सारखाच होता, आता फक्त ऐकू यायला लागला.

म्हणजे "खोल शांत" ही जागा खरी आहे. पण तिथे पोचायला आधी सर्वांत गजबजलेला थर पार करावा लागतो.

करंजवाट | मंगळवार, रात्री ९:००

ताई, अंगावर काटा आला. मग अरबी समुद्रात ही शांत पातळी किती खोल?

नीलांबरी | मंगळवार, रात्री १०:१५

नाही.

म्हणजे अरबी समुद्राला ती नाहीच. हिशेब करून बघा. आपल्याकडे पृष्ठभागाचं पाणी २८-२९ अंश, तिथे वेग १,५४० च्या वर. खालच्या गार पाण्यात केवळ दाबाच्या जोरावर तेवढा वेग गाठायला ५ किमीहून जास्त खोली लागते. अरबी समुद्राची सर्वांत खोल जागा साधारण ४.६ किमी. शांत थर सुरू व्हायच्या आधीच तळ लागतो.

दूरच्या जहाजांना इथे एकच अडथळा आहे, तो म्हणजे तळ. पृष्ठभागावरून निघालेला आवाज लांब जायचा तर त्याला वारंवार तळाला आपटावं लागतं आणि दर आपटण्यात चिखल त्यातला काही भाग गिळतो. सिंधू नदीने आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर उत्तरेच्या बाजूला आहे, तो या कामी येतो. पण पॅसिफिकमध्ये मिळते तशी स्वच्छ सीमारेषा, तिच्याखाली शांत, ती आपल्या वाट्याला नाही. आणि आखातातून निघालेली तेलाची जहाजं याच समुद्रातून जातात. इथल्या निळ्या देवमाशांचं मला वाईट वाटतं ते यामुळे. त्यांची हाक आणि प्रोपेलरची गुरगुर एकाच पट्टीत. खाली बुडी मारूनही त्यातून सुटका नाही.

अनिकेत_क | बुधवार, सकाळी १०:३०

पण मारियाना गर्ता तर ११ किमी. तिथे क्रांतिक खोलीच्या खाली भरपूर पाणी असणार. मग तिथे जहाजं कशी ऐकू आली? आणि कुठेतरी '१०० डेसिबल' वाचलं. तळाशी डिस्को चालू आहे का?

नीलांबरी | बुधवार, संध्याकाळी ७:००

आधी डेसिबल. हवेत मोजणी २० मायक्रोपास्कलपासून सुरू होते, पाण्यात १ पासून, आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट. दोन्ही मिळून तीव्रतेत साधारण ६२ चा फरक पडतो. पाण्यातले १०० म्हणजे हवेतले ३८ च्या आसपास, शांत घर. वृत्तपत्रांत हा घोळ सर्रास होतो.

मारियाना. जुलै २०१५ मध्ये अमेरिकेच्या नोआ संस्थेचे रॉबर्ट झियाक आणि सहकाऱ्यांनी टायटॅनियमच्या कवचातला हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, चॅलेंजर डीप या गर्तेतल्या सर्वांत खोल जागी उतरवला. दाबाने फुटू नये म्हणून सावकाश, पाच तासांहून जास्त वेळ लावून. तळाशी तो २३ दिवस ऐकत राहिला, मग साठवण भरली. वर काढायला नोव्हेंबर उजाडला, मध्ये वादळं होती. त्यात भूकंप होते, देवमासे होते, डोक्यावरून गेलेलं चक्रीवादळ होतं आणि जहाजांचे प्रोपेलर होते.

कारण क्रांतिक खोली वाचवते ती दूरच्या आवाजापासून. डोक्यावरून किंवा जवळून जाणाऱ्या जहाजाचा आवाज सरळ खाली येतो, त्याला वळायला जागाच नसते. ग्वाम बंदर तिथून फार लांब नाही. वादळही तसंच, शेडच्या पत्र्यावरचा पाऊस. मला तर वाटतं, दूरचा गोंगाट बाजूला झाल्यामुळेच वरचं सगळं इतकं स्पष्ट नोंदलं गेलं.

त्याच जागेचा आणखी एक प्रसंग. वर ज्याचं नाव घेतलं त्या डीप साउंडचं एक यंत्र डिसेंबर २०१४ मध्ये तिथे सोडलं होतं. ८,६२० मीटरवर त्याचं काचेचं कवच दाबाने चिरडलं गेलं. तो धमाका पृष्ठभाग आणि तळ यांच्यात पुन्हा पुन्हा आपटला आणि सोबत सोडलेल्या दुसऱ्या यंत्राने तो नोंदला. त्या प्रतिध्वनींच्या वेळांवरून गर्तेची खोली नव्याने काढली गेली, १०,९८३ मीटर. ज्यांनी ते यंत्र हाताने बांधलं त्यांना तो दिवस कसा गेला असेल, मी विचार करते.

टँकरवाला | बुधवार, रात्री ८:२०

२३ दिवस ११ किमीखाली आणि तरी आमचा पंखा ऐकू आला. हे छापून केबिनमध्ये लावणार आहे.

करंजवाट | शुक्रवार, रात्री ११:१०

नातू आणि मी ठरवलंय. तो मालवणला येतो, त्याच्या ओळखीची होडी मिळतेय. एक साधा हायड्रोफोन मागवला, १५ मीटर केबलवाला. ताई, काय काळजी घ्यायची? निळा देवमासा ऐकू येईल का?

नीलांबरी | शनिवार, सकाळी ९:००

देवमासा येणार नाही, तो भर समुद्रात हाका मारत असला तरी. पाणी उथळ असलं की फार खालचे सूर त्यात मावत नाहीत. २० मीटर पाण्यात रेताड तळावर साधारण ४० हर्ट्झच्या खालचा आवाज लांब जातच नाही, आणि देवमाशाची हाक बहुतेक त्याच्या खालची. मोठ्या जहाजांची मूळ गुरगुरही तशीच अडते. किनाऱ्याजवळ म्हणून स्थानिक मंडळीच ऐकू येतात: कोळंबी, मासे, पाऊस, ट्रॉलर. जून-जुलैची मासेमारी बंदी असते तेव्हा इथे कसं वाजत असेल ते कुणीतरी वर्षानुवर्षं नोंदायला हवं.

मशीन बंद करा, पंपही बंद. हायड्रोफोन थेट दोरीला न बांधता मध्ये हातभर रबर घ्या, नाहीतर होडीचा प्रत्येक हेलकावा तुम्हाला 'समुद्र' वाटेल. एका खोलीवर निदान पाच मिनिटं. वही ठेवा.

करंजवाट | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:४५

जाऊन आलो! दोन मीटर, सहा मीटर, बारा मीटर. दोन मीटरवर होडीच्या बुडाला लागणारं पाणी, चुबुक चुबुक, बाकी काही नीट येईना. सहावर तडतड. बारावर तळाच्या खडपाजवळ तडतड सर्वांत जास्त, म्हणजे इथे तरी खोल गेल्यावर आवाज वाढला. मधेच एक ट्रॉलर आला. डोळ्यांना दिसायच्या आधी चार मिनिटं हेडफोनमध्ये होता, नातूने वल्ह्याला कान लावून सांगितलं, "येतोय." मी घड्याळ बघितलं, दोघांचा वेळ एकच.

आणि बारा मीटरवर एक विचित्र गोष्ट मिळाली. सलग, एकसुरी 'हूं', साधारण ३० हर्ट्झचा. जवळपास वीस मिनिटं होता. ताई, हे काय असेल? फाइल पाठवली आहे.

नीलांबरी | सोमवार, सकाळी ७:१५

ऐकली. ट्रॉलरची नोंद सुंदर आहे, जपून ठेवा.

'हूं' तुमच्या केबलची. होडी नांगरलेली होती ना? प्रवाह ताणलेल्या केबलला घासून जाताना तिच्यामागे भोवरे सुटतात आणि केबल तारेसारखी गुणगुणते. पाणी जोरात ओढेल तसा सूर चढतो. तुमच्या नोंदीत शेवटी सूर उतरत उतरत बंद पडलाय. नातूला विचारा, तेव्हा सुकती (ओहोटी) संपत आली होती का?

भर समुद्रातल्या माझ्या पहिल्या मोजणीत आम्ही तीन रात्री हाच सूर नोंदला होता आणि खोलीबरोबर आवाज वाढतो असा निष्कर्ष काढून बसलो होतो. जास्त केबल सोडली तर जास्त गुणगुण, एवढंच ते होतं. म्हणूनच डीप साउंडला दोरी नाही.

तांडेलाचा_नातू | सोमवार, सकाळी ७:५०

होय ताई, बरोबर सुकतीच्या शेवटाला. पाणी ठप्प झालं आणि आवाज गेला. आजा म्हणायचा तेच.

पुढच्या वेळी नांगर नाही टाकत. होडी पाण्याबरोबर सोडून देऊ, भांग बघून. शनिवारी अष्टमी आहे.